कोपराच्या मापाचं

गड्डम मिस्त्रीनं विचारलं, मेंढी केवढी असती?
तर ह्यांनी दोन्ही हात पुढं केले
आणि अक्कलकोट रोडच्या त्या पत्र्याखाली
नसलेली मेंढी गुडघ्यात दाबून धरली,
मान वर, हनुवटीखाली अंगठा,
जशी जंताचं औषध पाजताना धरतात.
मिस्त्रीनं त्या मोकळ्या जागेला टेप लावला
आणि खडूनं फरशीवर आकडे लिहिले.

माझ्या पिशवीत सुतळी होती.
आदल्या रात्री बॅटरीच्या उजेडात मापं घेतलेली:
पहिली गाठ म्हातारी पांढरतोंडी,
दुसरी गाभण बांडी,
तिसरी माडग्याळी एडका, त्यानं माझं नख उडवलं.
सुतळी काढ म्हणून कुणी म्हणालं नाही.

एकशे बेचाळीस मेंढरं, प्रत्येकीला चार खूर.
एका खुराला एकदाच वाकायचं धरलं
तरी पाचशेच्या पुढं
नुसत्या बेरजेनंच कंबर धरती.
डॉक्टर ह्यांना म्हणाला, मणक्याची गादी सरकलीय,
वजन उचलायचं नाही.
हे म्हणाले, मेंढी म्हंजे काय वजन हाय व्हय?

मिस्त्रीकडं एक पाळणा होता लोखंडी.
मेंढी आत घ्यायची, दांडा फिरवायचा,
की ती पाठीवर, चारी खूर आभाळाला.
"हा पाइप मागच्या सालापर्यंत चादरी विणत होता,"
बंद पडलेल्या मागाचा, त्यानं कुरवाळून दाखवला.
वीस हजार.

हे म्हणाले, बघू तरी,
आणि चपला काढून आत निजले.
दांडा फिरला. टोपी खाली, पाय वर.
पोरांनी वेल्डिंग थांबवलं.
मला वाटलं आता ओरडतील.
बराच वेळ काहीच नाही,
मग आतून आवाज आला,
"सरळ करू नको रं एवढ्यात. बरं वाटतंय."

पण तो पाळणा टेम्पोत चढवायलाच चार गडी लागणार.
आम्ही दोघं, आणि सहा महिने रानोमाळ.
मी म्हणलं, मग कंबर कुणाची वाचली?

शेवटी गल्ली ठरली.
घडीच्या सहा जाळ्या, मेंढीला वळता येणार नाही एवढी रुंदी,
शेवटाला वर सरकणारं दार.
अकरा हजार, दोन हप्त्यांत.

"वरची दांडी किती उंच?"
"माझ्या कमरेला," हे म्हणाले.
खडूची रेघ पडली.

औषधाची नळी कुणाच्या हातात असती?
खूर कोण साळतं?
अडलेल्या मेंढीत हात कुणाचा जातो कोपरापर्यंत?
हे मी काही बोलले नाही.
रेघेजवळ जाऊन उभी राहिले, कोपर दुमडलं.
रेघ माझ्या कोपराच्या सहा बोटं वर.

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं,
मग पोराला तेलुगूत काहीतरी म्हणाला.
पोरानं खांबाला दोन भोकं पाडली
आणि साखळीला बांधून एक खीळ दिली.

घरी आणल्यावर एकही मेंढरू आत जाईना.
पाइपांच्या सावल्या जमिनीवर आडव्या पडलेल्या,
बांडी त्या सावल्यांना बघून पाय रोवून उभी.
हे काठी घ्यायला निघाले.
मी दोन्ही बाजूंना गोणपाट बांधलं,
पुढचं दार उघडं ठेवलं, पलीकडं उजेड.
पांढरतोंडीनं एकदा हुंगलं,
आणि गेली, मग सगळ्याच गेल्या, लग्नाच्या पंगतीत घुसल्यासारख्या.

त्या दिवशी संध्याकाळी लुगड्याला
गुडघ्यापाशी माती नव्हती.
एवढंच. पाठ दुखली, पण नेहमीच्या जागी नाही.

आता हे जाता येता खीळ वरच्या भोकात घालतात.
मी कामाला उभी राहिले की खालच्या.
त्यावर आम्ही अजून एक शब्द बोललेलो नाही.
खिळीला मात्र गंज धरत नाही.